आकडा बरोबर आला

७ सप्टेंबर, रविवार. कोश-तेरेक

पोचलो. बिश्केकहून सकाळी सातला निघालो, दुपारी अडीचला फाटकात. बेकतूरच्या कोळशाच्या ट्रकमध्ये माझ्या दोन बॅगा, पुस्तकांचं खोकं आणि मांडीवर लेव्हलिंगचं यंत्र. ते मागे टाकायला मी तयार नव्हते. खिंडीत बेकतूर म्हणाला, बायको आणतोय की सर्वेक्षण खातं, असं आई विचारणार.

आईंनी काही विचारलं नाही. फाटकातच माझ्या डोक्याला पांढरा रुमाल बांधला आणि ओंजळ भरभरून गोळ्या आणि कणकेचे तळलेले बोरसोक माझ्यावर उधळले. शेजारची पोरं कोंबड्यांसारखी तुटून पडली. एक बोरसोक कॉलरमध्ये गेला, तो संध्याकाळी सापडला. मी हसले. इतकं हसायची मला सवय नाही.

घरात आम्ही पाच: सासरे, सासूबाई, बेकतूर, त्याची बहीण बुरूल (वय सोळा, तोंडाळ) आणि मी. थोरले दीर नऊ वर्षं रशियात आहेत; त्यांचा विषय फारसा निघत नाही. सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं सुनेने घ्यायची नसतात. माझा यावर विश्वास नाही, पण वाद घालण्यापेक्षा सासूबाईंना 'एने' म्हणणं सोपं. वहीतही तेच लिहीन, म्हणजे जिभेला वळण राहील. मला सगळे 'केलिन' म्हणतात, म्हणजे सून. बुरूल 'जेंगे' म्हणते, वहिनी. सेझिम म्हणणारा एकटा बेकतूर.

नव्या सुनेला तीन दिवस कोपऱ्यात पडद्याआड बसवतात. त्याला नकार कसा द्यायचा, हे मी वाटेत ठरवून ठेवलं होतं. गरज पडली नाही. सासरे म्हणाले, आमच्या घरात पडदा लावत नाहीत. चांगली माणसं आहेत.

१० सप्टेंबर, बुधवार

घर तपासलं. दगडी पाया, त्यावर कच्च्या विटा, भिंतींची जाडी पंचेचाळीस सेंटिमीटर, लाकडी पट्टा फक्त छताखाली. नऊ वर्षांपूर्वीच्या भूकंपात अर्धं घर पडलं. पडलेलीच माती पुन्हा मळून, पुन्हा विटा पाडून, त्याच पायावर उभं केलं. गावात सगळ्यांनी तसंच केलं आहे. माती फुकट, आणि ओळखीची.

आमची खोली त्या नव्या अर्ध्यात. भट्टीशेजारच्या कोपऱ्यात एक उभी भेग आहे, दीड मिलिमीटर. तिच्यावर आडवी प्लास्टरची पट्टी लावून तारीख घातली. पट्टी तडकली तर भिंत हलते आहे असं समजायचं.

माझा दिवस: पाचला उठणं, भट्टी, चहाच्या पाण्याचा समोवर, गाय, कणीक. आठला जिल्ह्यातल्या शाळांच्या इमारतींची तपासणी, सहाला परत. मग चहा ओतत बसणं. चहा सुनेनेच ओतायचा, आणि वाटी कधी भरायची नाही. भरली वाटी म्हणजे पाहुण्याला 'आता निघा' म्हणणं. म्हणजे अर्ध्या वाट्या आणि दुप्पट खेपा. काल मी एकोणसत्तर वाट्या ओतल्या. मोजल्या, कारण मोजलं की झोप येत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

या महिन्यात तीन लहान धक्के. पंचायतीकडून प्रत्येक घरी छापील कागद आला: पिशवी भरा, जड सामान बांधा, बाहेर जमायची जागा ठरवा, सराव करा. गावात त्या कागदांनी चुली पेटल्या. मी आमचा भिंतीला लावला.

बेकतूरने कपाटाला लोखंडी पट्ट्या ठोकल्या. पेटाऱ्यावर छतापर्यंत रचलेल्या रजया खाली आणल्या. एने म्हणाल्या, रजयांची चळत खाली उतरली की लोकांना वाटतं घर मोडलं. मी म्हटलं, न उतरली तर लोकांना वाटावं लागणार नाही, मोडलेलं दिसेलच. नंतर एने बुरूलला म्हणाल्या ते मला ऐकू जाईल इतपतच हळू होतं: "धाकटीला जीभ आहे. यंत्रासोबत आली असेल."

पिशवीत पाणी, पाव, औषधं, कागदपत्रं, बॅटरी. सासऱ्यांनी त्यात आपली बुद्धिबळाची पेटी घातली. म्हणाले, भूकंप आला की आधी गाय पळेल, मग मी, आणि तुझी सासू सगळ्यांत शेवटी, कारण ती चमचे गोळा करेल.

जमायची जागा: अंगणाच्या मधोमध, घोडा बांधायच्या खुंटापाशी. दोन्ही भिंतींपासून नऊ मीटर.

अडलं ते हजेरीवर. कागदात लिहिलंय, एकाने प्रत्येकाचं नाव पुकारावं. सराव मी घेणार, म्हणजे पुकारणार मी. आणि दोन नावं मला घेता येत नाहीत. बुरूल म्हणाली, मी पुकारते. तेव्हा एने उठल्या. दर शुक्रवारी त्या तेलात पोळ्या तळतात, तो वास मेलेल्यांपर्यंत पोचतो, आणि मग एकेकाचं नाव घेऊन दुवा मागतात. "ओळीने नावं घेतात ती गेलेल्यांची. माझ्या अंगणात जिवंत माणसांची नाही घ्यायची," म्हणाल्या. मग सासऱ्यांनी तोड काढली. ज्याने त्याने आपला आकडा बोलायचा. सासरे एक, एने दोन, बेकतूर तीन, बुरूल चार, मी पाच.

तांत्रिकदृष्ट्या हरकत नाही. आकडा पुरेसा आहे. मी मान्य केलं.

पहिला सराव: अठ्ठेचाळीस सेकंद. पाच जण बाहेर.

२१ सप्टेंबर, रविवार

दुसरा सराव. मी घड्याळ घेऊन आत थांबले, भट्टीशेजारच्या कोपऱ्यात. तिथून दारही दिसतं आणि स्वयंपाकघरही. सगळे बाहेर पडले की मी शेवटी. एकतीस सेकंद.

मी उंबऱ्यावर असतानाच पाठोपाठ आकडे झाले होते. एक, दोन, तीन, चार, पाच. मी अजून बाहेर यायची होते. बुरूलला म्हटलं, थट्टा नको, सरावात थट्टा चालत नाही. ती म्हणाली, जेंगे, मी चार म्हटलं, एवढंच. मला वाटलं पाच तू म्हणालीस.

अंगणात आवाज भिंतीवरून परततो. तेच असेल.

फार दमले आहे. काल कणीक मळता मळता उभ्याने डुलकी लागली. एने म्हणाल्या, शहरातल्या पोरी मेणाच्या असतात.

५ ऑक्टोबर, रविवार

बेकतूर बुधवारी खाणीवर गेला, सहा आठवड्यांनी येईल. घरात चार. नवे आकडे: बुरूल तीन, मी चार.

आज मुद्दाम आत जास्त थांबले. कोपऱ्यात उभी, हालचाल न करता. खिडकीतून ऐकलं. सासरे: एक. एने: दोन. बुरूल: तीन. मग बाईचा आवाज, सावकाश, थोडासा घोगरा, बरेच दिवस न बोललेल्या माणसासारखा: चार.

सासरे म्हणाले, झालं, आकडा बरोबर आला, चला चहाला.

मी बाहेर गेले तेव्हा ते तिघे परत येत होते. कोणी चमकलं नाही. चार कोण म्हणालं, असं विचारलं. सासरे म्हणाले, तूच की. एने म्हणाल्या, बुरूलच्या मागे तू उभी होतीस. मी विचारलं, माझ्या डोक्याला काय होतं. पांढरा रुमाल, म्हणाल्या, आणि चांगला कपाळापर्यंत ओढलेला, तसाच घेत जा.

माझ्या डोक्यावर सकाळपासून राखाडी लोकरीची टोपी होती.

पुढच्या वेळी एकमेकांचे चेहरे बघा, असं सांगितलं. सासऱ्यांना ते अवघड गेलं. सासऱ्याने सुनेच्या तोंडाकडे बघत राहायचं नसतं, म्हणाले. मी तिच्याकडे वळत पण नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

गाईची धार काढताना बुरूलला सरळ विचारलं. आधी तिने बादलीकडे पाहिलं. मग सगळं सांगितलं. तिने जसं सांगितलं तसंच लिहून ठेवते.

नऊ वर्षांपूर्वी थोरल्या दिरांचं लग्न झालं. नवरी घरात येऊन दुसराच दिवस होता. आमच्या खोलीच्या जागी जी खोली होती, तिथे भट्टीशेजारच्या कोपऱ्यात पडद्याआड तिला बसवलं होतं. दुपारी धक्का आला. दीर पाहुण्यांना पोचवायला गेले होते. बाकीचे बाहेर धावले, खुंटापाशी जमले. सासऱ्यांनी मोजलं. ते स्वतः, एने, बेकतूर, बुरूल. चार. दीर रस्त्यावर, ठाऊकच होतं. घरातली सगळी बाहेर. नवरीला अजून घरातला आकडाच नव्हता.

पहिल्या धक्क्यात ती भिंत पडली नव्हती. दहा-बारा मिनिटं होती. नवरीने वडीलधाऱ्यांनी बोलावल्याशिवाय पडद्याबाहेर यायचं नसतं, आणि सासऱ्यांना हाक मारायची तर नाव कसं घेणार. ती बसून राहिली. कोणी बोलावलं नाही. मग दुसरा धक्का आला.

मी बुरूलला म्हटलं, दहा मिनिटांत एकालाही आठवलं नाही? ती तेव्हा सात वर्षांची होती. म्हणाली:

"आकडा बरोबर आला होता ना, जेंगे. मग कोण कशाला बघेल?"

त्या नवरीचं नाव कुंदूझ. तेही बुरूलला थडग्यावर वाचून कळलं.

म्हणून पडदा लावत नाहीत.

मूर्ख मुलगी, असं माझ्या मनात आलं. दार सहा मीटरवर होतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सव्वापाचला उठले. उशीर झाला म्हणून धावत गेले, तर भट्टी पेटलेली. समोवर उकळत होता. बुरूलचे आभार मानले. ती म्हणाली, मी आत्ता उठतेय.

एनेंनी पाव मोडला, चावला, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे बघून बरं बोलल्या. "आज कणीक हाताला लागली तुझ्या," म्हणाल्या.

कणीक मी मळली नव्हती. तसं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

पुन्हा. गाईची धारसुद्धा काढलेली, बादलीवर फडकं झाकलेलं, मी बांधते तशा गाठीने नाही. शुक्रवारी सहापर्यंत झोपले. परवा साडेसहा. आज सात. खिंडीत बर्फ पडल्यामुळे शाळांची तपासणी वसंतापर्यंत बंद, म्हणजे आता दिवसभर घरी.

अभियंता म्हणून लिहिते: घरात चार माणसं आणि पाच जणांचं काम होत आहे. स्पष्टीकरण नाही. शोधायचा उत्साहही नाही. दीड महिन्यात पहिल्यांदा पाठ दुखत नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

पट्टी तपासली. अखंड आहे. तारीख माझ्या अक्षरात. पण भेग मोजली तर चार मिलिमीटर. दीडची चार झाली आणि वरची पट्टी शाबूत. हे होऊ शकत नाही. चार वेळा मोजलं. पट्टीवरून नख फिरवलं. माझं प्लास्टर खरखरीत होतं. हे कोणीतरी ओल्या बोटाने गुळगुळीत केलंय, कणकेवर फिरवतात तसं.

सासऱ्यांना म्हटलं, या खोलीत झोपायचं नाही, भिंत उतरवून पुन्हा बांधायची, जुनी माती न वापरता. ते नीट ऐकत होते, मान हलवत होते. मग म्हणाले, बर्फ वितळलं की करू. तू म्हणशील तसं. तू काल किती छान समजावून सांगितलंस, की घाई नाही.

मी काल त्यांच्याशी बोलले नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

चहाला बसले. समोवराजवळची माझी जागा—एनेंनी तिथे वाटी पुढे केली, न बघता, आणि ती भरून आली. अर्धी, रीतसर. मी दाराशी बसले होते.

माझ्याकडे वाटी आली नाही. मी मागितलीही नाही. भांडावं इतकी तहान नव्हती.

१ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी खोलीत होते. स्वयंपाकघरात फोन वाजला. बेकतूरचा, दर शनिवारी येतो. एनेंनी घेतला, हसल्या, मग म्हणाल्या, घे, बोल त्याच्याशी. मला वाटलं मला बोलावतायत. उठले. तेवढ्यात तो आवाज—

"हो. हो. सगळे बरे आहोत. कोणी राहिलं नाही."

मी दारात पोचले तेव्हा फोन खिडकीत ठेवलेला. एने एकट्या, कांदा चिरत. माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या दिशेने पाहिलं, आणि दार लावून घेतलं. वारा आत येतो म्हणून लावतात तसं.

त्याला मी लगेच फोन केला. उचलला नाही. मग निरोप आला: आत्ताच तर बोललो ना, वेडे.

३ नोव्हेंबर, सोमवार

बुरूलला धरलं. म्हटलं, माझं नाव सांग. ती हसली. जेंगे. मी म्हटलं, ते नाही, नाव. ती पुन्हा हसायला लागली आणि मध्येच थांबली. ओठ हलले. मग म्हणाली, सोड ना, हात दुखतोय.

जायला हवं. खिंड आठवड्यातून दोनदा उघडते. बॅग काढली, निम्मी भरली. मग वाटलं, या तिघांना बाहेर काढायचं कोणी? सासऱ्यांचे गुडघे. एने चमचे गोळा करतील. कोणी आत राहू नये यासाठीच तर एवढं केलं.

बॅग तशीच आहे. उघडी.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सराव. मी घेतला नाही. सासऱ्यांनीच कागद बघून घेतला. शिट्टीसुद्धा मारली. मी कोपऱ्यात. वेळ मोजली—एकोणीस सेकंद. उत्तम. मी शिकवलं.

एक. दोन. तीन. चार.

घोगरेपणा गेलाय. आवाज आता बराचसा माझ्यासारखा.

८ नोव्हेंबर

कोपरा ऊबदार आहे, भट्टीमुळे. पाठ टेकली की बरं वाटतं. इथेच लिहिते, इथेच—

कोणी जेवायला हाक मारली नाही. मारली असती तर गेले असते. न बोलावता जाऊन बसायचं म्हणजे—

भेग सहा.

१० नोव्हेंबर

बेकतूर उद्या येतोय असं एने सांगत होत्या. तिला. ती हो म्हणाली.

मी मोठ्याने ओरडून बघायचं ठरवलं. काय ओरडणार? सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही. एनेंचं नाही. दोन महिन्यांत खरंच वळण पडलं जिभेला, तोंड उघडलं तर नाव—

कुंदूझ मूर्ख नव्हती. ती दमली असेल. लग्नाचे चार दिवस, घाटातला प्रवास.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी ४.०४. धक्का. पंधरा ते अठरा सेकंद. आडवा, मग उभा. या वर्षातला सगळ्यांत मोठा. कपाट जागेवर. पट्ट्या टिकल्या.

मला काही लागलेलं नाही. छताची माती डोक्यावर, तेवढंच.

४.०५. पावलं. सासरे, सावकाश पण न थांबता. एने. चमचे नाही घेतले. बुरूल. सगळे दाराबाहेर. छान. खूप छान.

आणखी एकीची पावलं.

४.०६. खुंटापाशी आहेत. खिडकीची काच फुटली आहे, स्पष्ट ऐकू येतं. एक. दोन. तीन. चार.

सासरे: आकडा बरोबर आला. देवाची कृपा, घरातली सगळी बाहेर.

एने रडतायत. कोणालातरी जवळ घेतलंय. माझी पोर, माझी पोर, असं म्हणतायत. मला कधी नाही म्हणाल्या.

४.०८. भेग—वरती बोट जातं. भिंत छताच्या पट्ट्यापासून सुटली आहे. दुसरा धक्का सोसणार नाही. दार उघडं आहे. अंतर सहा मीटर. चालत आठ सेकंद. मोकळी वाट. मीच मोकळी करून घेतली होती.

उठायला हवं.

४.१०. बाहेर गेले तर पाच होतील. परत मोजतील. गोंधळ. सासऱ्यांना उभं राहवत नाही फार वेळ.

४.११. ट्रक. बेकतूर आला. हाका मारतोय. त्याने सेझिम म्हटलं. मी—हात टेकले, उठत होते—

ती 'ओ' म्हणाली.

४.१३. तो हसतोय. एनेही. चहाचं बोलतायत, अंगणातच समोवर मांडू म्हणतायत. आता पाच, आकडा पूर्ण.

माती बारीक पडते आहे, पिठासारखी. आवाज नाही. पाय जड झालेत. काही दुखत नाही, फक्त जड.

कोणी आत येऊन ऊठ म्हणालं तर उठेन. एकदाच म्हणायला हवं. तोवर जरा टेकते, एखादं मिनिट, मग—

४.१५. जमीन पुन्हा